चार नळ्यांतला पारा

"साहेब, ओरडू नका. ते जन्मापासून ऐकत नाहीत. तुमच्या ओरडण्यानं शेजारचा शिंपी तेवढा बोटात सुई टोचून घेईल."

वहिनीनं हे हसतच सांगितलं. गॅरेजच्या दारात उभे असलेले गृहस्थ ओशाळले. वय सत्तरीचं, पाठ ताठ, पांढरी दाढी नेटकी कापलेली. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, कारण आपली अवजड मोटरसायकल ते चढावरून एकट्यानं ढकलत घेऊन आले होते.

"माफ करा. मला वाटलं, थोडं कमी ऐकू येत असेल."

"थोडं कमी नाही, मुळीच नाही. तुमचं काय असेल ते मला सांगा, मी त्यांना सांगते. त्यांचं तुम्हाला सांगते. मधे माझं काही घालत नाही."

हे शेवटचं काही खरं नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात वहिनीनं मधे पुष्कळ घातलं होतं. 'या माणसाला गाडी देऊच नये कुणी,' असं मिस्त्री हातवारे करून सांगायचा, तेव्हा ती गिऱ्हाइकाला म्हणायची, "जरा जपून चालवा म्हणतात." गिऱ्हाईक भाव करायला लागलं की तिचे हात हलायचेच नाहीत, ती परस्पर निकाल लावून टाकायची. गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणत, आणि गॅरेजची अर्धी पत वहिनीच्या जिभेवर उभी आहे असंही म्हणत. उरलेली अर्धी कुणाच्या हातावर उभी आहे हे मात्र फार जणांना ठाऊक नव्हतं.

मिस्त्री तोवर हात पुसत बाहेर आला होता. गृहस्थांकडे त्यानं पाहिलंही नाही. गाडीपाशी उकिडवा बसला आणि मान वाकडी करून इंजिनाच्या मागे बघू लागला. तिथे एका ओळीत चार कार्बोरेटर बसले होते. चार सिलिंडर, चार कार्बोरेटर, मागे चार सायलेन्सर. पन्नास वर्षांची गाडी, पण टाकीच्या डाळिंबी रंगात तोंड दिसत होतं.

गृहस्थ मालवाहू जहाजांवर कप्तान होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती.

"उभी राहिली की थरथरते," कप्तान म्हणाले. "सिग्नलला थांबलो की आरसे असे हलतात की मागची गाडी दिसत नाही, मलाच माझी दोन डोकी दिसतात. आज चढावर बंदच पडली. आणि परवा सकाळी मला हिच्यावरून लेकीकडे जायचंय. साडेचारशे किलोमीटर. लेक म्हणते, बाबा, मुकाट्यानं बसनं या. मी शब्द देऊन बसलोय की हिच्यावरूनच येईन."

"आतापर्यंत कोण बघायचं गाडी?"

"उस्ताद. तीस वर्षं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. आता गुडघे दुखतात म्हणाले, बसवत नाही. त्यांनीच तुमचं नाव सांगितलं."

वहिनीच्या हातातलं फडकं थांबलं.

"कुणी सांगितलं?"

"उस्तादांनी. म्हणाले, दुसऱ्या कुणाकडे नेऊ नका."

तिनं मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं वर पाहिलं. तिनं कानाची पाळी दोन बोटांत धरून ओढली. त्यांच्या दोघांच्या भाषेत उस्तादांचं नाव हेच होतं. मग गाडीकडे बोट, कप्तानांकडे बोट आणि शेवटी आपल्या उंबऱ्याकडे. मिस्त्रीनं तिला तेच पुन्हा करायला लावलं. पुन्हा केल्यावरही त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

उस्तादांच्या गॅरेजात मिस्त्रीनं अकरा वर्षं काढली होती. उस्तादांची ख्याती कानाची. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, डोळे मिटलेले. चारही तोंडांतून हवेचा आवाज सारखा येईपर्यंत ते स्क्रू फिरवत राहायचे. लोक बघायला थांबायचे. आणि मागच्या अंगाला मिस्त्री रॉकेलच्या थाळ्यात कार्बोरेटरचे जेट धुवत बसलेला असायचा. केसाएवढं भोक असलेले पितळी जेट, एकेक उजेडाकडे धरून तपासलेला. अकरा वर्षं जेटच. उस्ताद वाईट नव्हते, कधी हात उगारला नाही की घालूनपाडून बोलले नाहीत. पण कार्बोरेटर जुळवायची वेळ आली की ते याला हातानंच बाजूला सारायचे. ज्याला कान नाही तो हे काम कसं करणार, यात त्यांना शंका घेण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

वहिनी तेव्हा सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होती. हा माणूस चिठ्ठी घेऊन यायचा. चिठ्ठीवर शब्द नसायचे, त्या भागाचं चित्र असायचं. माप घालून, सावली देऊन, इतकं हुबेहूब की ती ते फेकत नसे, खणात जपून ठेवी. लग्नाचं ठरवलं तेव्हा तिचा भाऊ म्हणाला, "अगं, आयुष्यभर बोलायचं कुणाशी?" ती म्हणाली, "बोलणारे बघते आहे की लहानपणापासून." भावानं पुढे तीन महिने तोंड उघडलं नाही.

"एक विचारू का? राग मानू नका," कप्तान म्हणाले. "उस्ताद सगळं ऐकून करायचे. यांना ऐकू येत नाही. मग हे चार कार्बोरेटर जुळवणार कशावर?"

"तुम्ही अंधारात जहाज न्यायचात ते कशावर? समुद्राचा आवाज ऐकून?"

"छे हो. काट्यांवर. यंत्रांवर."

"मग बसा त्या स्टुलावर. यांचेही काटे आहेत."

कप्तान बसले. दोनदा चहा घेतला, पण उठले नाहीत. मिस्त्रीनं इंजिन निवेपर्यंत हात लावला नाही. मग व्हॉल्व्हची फट मोजली, पॉइंट पाहिले, चारही प्लग काढून ओळीनं कागदावर मांडले. तिसरा प्लग बाकीच्यांपेक्षा पांढरट होता. तो त्यानं वेगळा ठेवला. टाकी उतरवली आणि तिच्याऐवजी पेट्रोलची बाटली खिळ्याला उलटी टांगून नळी जोडली. इंजिन तापू नये म्हणून समोर पंखा लावला. सगळं झाल्यावर कपाटातून फळी काढली.

ती फळी त्यानं स्वतः केली होती. तिच्यावर हातभर उंचीच्या चार काचेच्या नळ्या उभ्या, मागे त्याच्या हाताच्या बारीक रेघांची मोजपट्टी, आणि नळ्यांत पारा. चार रबरी नळ्या त्यानं चार कार्बोरेटरपाशी जोडल्या. इंजिन जेवढ्या जोरानं हवा ओढेल तेवढा पारा चढणार. चारही सिलिंडरांची ओढ सारखी असेल तर चारही नळ्यांत पारा एका उंचीवर राहणार.

वहिनीला हे त्यानं घर बदलताना समजावलं होतं. लोखंडी कपाट चौघांनी जिन्यावरून चढवलं होतं. एकानं अंग काढलं की तिघांच्या कमरेचे हाल, आणि कपाट भिंतीला आपटतं ते वेगळंच. कपाट वर पोचल्यावर त्यानं घाम पुसत चार बोटं उभी केली होती, एक वाकवलं होतं आणि हातानं इंजिन थरथरवून दाखवलं होतं. त्या दिवसापासून ती ते कधी विसरली नाही.

त्यानं इंजिन चालू केलं. खडखडाट झाला. नळ्यांतला पारा चढला. पहिला आणि दुसरा साधारण बरोबरीनं, चौथा किंचित वर. तिसरा मात्र दोन बोटं खाली राहिला.

मिस्त्रीनं तिसऱ्याचा स्क्रू पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. स्क्रू शेवटापर्यंत फिरवलेला होता. पुढे जागाच नव्हती. खाचेच्या कडा झिजल्या होत्या, म्हणजे कुणीतरी तो पुन्हा पुन्हा फिरवला होता. त्यानं बोट पाण्यात बुडवलं आणि तिसरा कार्बोरेटर इंजिनाला जिथे जोडला जातो त्या रबराभोवती, न टेकवता, सावकाश फिरवलं. खालच्या बाजूला बोट थांबलं. तिथे गार लागत होतं. तिथून हवा चोरून आत जात होती.

त्यानं वहिनीला बोलावलं. रबरी नळीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि कानाकडे खूण केली. असं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं. तिनं एक टोक कानात धरलं, दुसरं त्यानं रबराच्या खाली नेलं.

काय ऐकू येतंय, त्यानं विचारलं.

ऐकू येत होतं ते कुणालाही कळलं असतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होते तशी फुसफुस. तिनं फुंकर मारून दाखवली, मग हात पसरून सांगितलं, एवढी मोठी.

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. त्यानं टॉर्च मारून तिला रबराची चीर दाखवली. चिरेत काळा मळ घट्ट बसला होता. एक-दोन वर्षांचा तरी. मग त्यानं कानाची पाळी दोन बोटांत धरली, ओढली आणि मूठ हळूच मिटली.

वहिनीला समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा तिनं नळी खाली ठेवली.

उस्तादांचा कान गेला होता. ही फुसफुस, जी काउंटरवर नट-बोल्ट विकलेल्या बाईला ऐकू येत होती, ती त्यांना ऐकू आली नव्हती. दोन वर्षं ते नळी कानात घालून, डोळे मिटून, अंदाजानं स्क्रू फिरवत होते. आणि स्क्रू संपला तेव्हा त्यांनी गाडी इकडे पाठवली होती. स्क्रू बघून कुणाला काय कळेल, हे त्यांना नक्की ठाऊक असणार.

"काय म्हणताहेत ते?" कप्तानांनी विचारलं.

वहिनीचा जुना राग उसळून आला. नवऱ्याचे रॉकेलनं सोललेले हात तिनं पाहिले होते. त्याला बाजूला सारणारा तो हात तिनं दुकानाच्या काउंटरवरून अनेकदा पाहिला होता. आता एक वाक्य बोलायचा अवकाश होता. कप्तान ते दहा जणांना सांगतील, आणि आठवडाभरात शहरातल्या प्रत्येक गॅरेजात कळेल की कान कुणाचा गेला आणि गाडी कुणी लावली. खोटंही नव्हतं त्यात काही. तिनं तोंड उघडलं.

मिस्त्रीनं तिचा चेहरा वाचला. तो तेवढंच तर वाचत आला होता. त्यानं तिच्यासमोर हात धरला आणि एकच खूण केली. रबर. मग तीच खूण पुन्हा, सावकाश, तिच्या डोळ्यांत बघत. रबर.

"रबर म्हणताहेत," वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पन्नास वर्षांचं आहे ना. चिरलंय."

"उस्तादांच्या लक्षात कसं आलं नाही?"

"आत्ताच चिरलं असणार, काल-परवा. आज तुम्ही चढावर ढकलत आणलीत, त्यात गेलं असेल."

हे मात्र तिनं मधे घातलं. मिस्त्रीला ते ओठांवरून थोडंफार कळलं असावं, कारण तो मान वळवून डब्यांकडे गेला आणि जाताना तिच्या पाठीवर त्यानं दोन बोटं टेकवली.

डब्यात रबरं होती. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतः चित्र काढून एका रबरवाल्याकडून घडवून घेतलेली. अशी गाडी कधीतरी आपल्याकडे येईल म्हणून. तेव्हा वहिनीनं त्याला वेड्यात काढलं होतं. आता तिनंच डबा उघडून दिला.

चारही रबरं बदलली. चारही स्क्रू मूळ जागेवर आणले. इंजिन पुन्हा चालू झालं आणि मिस्त्री फळीसमोर बसला. त्यापुढचा अर्धा तास त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. डोळे नळ्यांवर, एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात पाना. स्क्रू केसभर फिरवायचा, पारा स्थिरावू द्यायचा. स्क्रू जागेवर धरून वरचा नट आवळावा तर त्या आवळण्यानंच पारा जरासा सरकतो. म्हणून तो बरोबर पातळीला आणतच नव्हता, तिच्या किंचित अलीकडे थांबत होता. उरलेलं अंतर नट आवळताना आपोआप भरून निघत होतं. कप्तान स्टूल सोडून त्याच्यामागे येऊन वाकले होते. पंखा त्यांची दाढी उडवत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

पहिला, दुसरा. मग चौथा. शेवटी तिसरा वर येऊ लागला.

आणि पारा एका ओळीत उभा राहिला. फळीवर जणू कुणी पट्टी ठेवून रेघ मारली होती. मिस्त्रीनं हँडलवरची ॲक्सिलरेटरची मूठ पिळून इंजिन ताणलं, सोडलं. चारही नळ्यांतला पारा खाली गेला, वर आला आणि परत त्याच रेघेवर थांबला. कप्तानांनी आरशांकडे पाहिलं. त्यांत रस्त्यापलीकडची दुकानं स्वच्छ दिसत होती. त्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि इंजिनाच्या झाकणावर कडेनं उभं केलं. नाणं उभं राहिलं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "यांना सांगा, माझ्या जहाजावर मुख्य इंजिनियर होते, त्यांनी हे पाहिलं असतं तर टोपी काढली असती."

वहिनीनं सांगितलं. यावेळी तिनं काही वाढवलं नाही, कमीही केलं नाही. मिस्त्रीनं मान हलवली आणि टाकी बसवायला घेतली. पण त्याच्या मानेचा मागचा भाग वहिनीला ओळखीचा होता. माणूस खूश असला की तो तसा ताठ व्हायचा.

पाचच्या सुमाराला उस्ताद आले. काठी टेकत, रस्त्याच्या मधून. मागून येणाऱ्या टेम्पोनं तीनदा हॉर्न वाजवला, तरी ते बाजूला झाले नाहीत. टेम्पोवालाच शिव्या घालत वळसा देऊन गेला.

"या उस्ताद!" कप्तान उत्साहानं पुढे झाले. "बघा तुमच्या चेल्यानं काय केलंय!" त्यांनी गाडी चालू केली. "ऐका आता. तुम्ही सांगा कसा आवाज आहे."

उस्ताद गाडीशी आले. सवयीनं वाकले. कान इंजिनाकडे केला, डोळे मिटले. शेजारपाजारचे दोघे-तिघे जुन्या ओळखीनं बघायला थांबले होते.

"काय म्हणता?" कप्तानांनी विचारलं.

उस्ताद तसेच वाकलेले. त्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता, आणि इंजिनही ऐकू येत नव्हतं. वहिनीला मघाचा सगळा राग आठवेना. म्हाताऱ्याच्या काठीवरची बोटं पांढरी पडलेली तेवढी दिसली.

मिस्त्री पुढे झाला. त्यानं उस्तादांचं मनगट धरलं आणि त्यांना गाडीच्या मागच्या बाजूला नेलं. त्यांचा तळवा एका सायलेन्सरच्या तोंडामागे वीतभर अंतरावर धरला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या. प्रत्येक ठिकाणी तेवढाच वेळ, आणि धुराचा झोतही तेवढाच. मग पुन्हा तिसऱ्यापाशी आणला.

उस्तादांनी डोळे उघडले. ते स्वतःच चौथ्याकडून पहिल्याकडे हात नेऊ लागले. दोनदा, तीनदा. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते कुणाला नीट कळलं नाही.

"दोन वर्षं झाली," ते एकदम मोठ्यांदा म्हणाले. स्वतःला ऐकू न येणारी माणसं बोलतात तितक्या मोठ्यांदा. "कप्तान, कानाशी ओरडल्याशिवाय मला काही ऐकू येत नाही. दोन वर्षं तुमची गाडी मी अंदाजानं लावली. तिसरा बिघडलेला होता. हातांना कळत होतं काहीतरी चुकतंय, कान साथ देईना. लाज वाटली सांगायची."

उस्तादांनी काठीनं पाऱ्याच्या फळीकडे खूण केली.

"असली फळी मीसुद्धा आणली होती एकदा. पारा नुसता नाचायचा, थांबायचाच नाही. फेकून दिली. याचा थांबतो कसा?"

वहिनीनं विचारलं. मिस्त्रीनं एक रबरी नळी ओढून काढली आणि तिचं तोंड उस्तादांपुढे धरलं. आत पितळेचा एक जेट दाबून बसवला होता. केसाएवढं भोक. त्यातून हवा जपून जाते, म्हणून पारा उड्या मारत नाही.

उस्तादांनी तो उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"अकरा वर्षं याला हेच धुवायला लावलं मी," ते वहिनीला म्हणाले. "आणि मला नाही सुचलं. सांग त्याला. सगळं सांग, पोरी, काही गाळू नकोस."

तिनं सगळं सांगितलं. मिस्त्रीनं ते पाहिलं. त्यानं कप्तानांचं स्टूल फडक्यानं पुसून उस्तादांच्या मागे सरकवलं, त्यांचा खांदा दाबून त्यांना बसवलं आणि टाकी त्यांच्या हाताला लागेल अशी गाडी वळवली. उस्तादांनी तळवा टाकीवर ठेवला. मिस्त्रीनं पलीकडच्या बाजूला आपला ठेवला. इंजिन चालूच होतं.

"आवाज कसा आहे गं?" उस्तादांनी विचारलं. त्याच वेळी मिस्त्रीनंही भुवया उडवून तिला तेच विचारलं. काम झालं की तो नेहमी विचारायचा आणि ती नेहमी 'छान' एवढंच सांगायची, कारण तिला दुसरं काही सांगता यायचं नाही.

दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते. वहिनीनं डोळे मिटून इंजिन ऐकलं. मग उस्तादांच्या कानाशी वाकून ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिचे हात नवऱ्याला तेच सांगत होते.

"हे झोपेत श्वास घेतात ना, उस्ताद, तसा! दिवसभराचं काम मनासारखं झालं की घेतात तसा!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. कप्तान खो खो हसले, पाठोपाठ उस्तादही. वहिनीनं जीभ चावली आणि पदर तोंडाला लावला. मिस्त्रीला हसणं ऐकू आलं नाही, पण तिचे हात त्यानं शेवटपर्यंत वाचले होते. त्याचे कान लालबुंद झाले. त्यानं खांद्यावरचं फडकं ओढलं आणि जिच्यावर एकही डाग नव्हता ती टाकी, उस्तादांचा हात मधे येईल तिथून वळसा घेत, तो पुसत राहिला.